१९१७ची रायफल आणि एक आडवा स्क्रू

तंजावरला पोस्टिंग आल्याचं सांगितलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "तिथं आपले राजे होते ना रे? मग मराठी बोलत असतील लोक." मी म्हटलं, बघतो आणि सांगतो. यावेळी पलटणीत नाही, तर एन.सी.सी.च्या पी.आय. स्टाफवर आलो आहे. शाळा-कॉलेजांत जायचं, पोरांना ड्रिल, नकाशावाचन आणि हत्याराची ओळख शिकवायची. ज्यांनी ही नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे की यात गोळी लागत नाही, पण घसा मात्र रोज बसतो.

आठवड्यातून एकदा ओरत्तनाडुला जावं लागतं. तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव. दोन्ही बाजूंना भातखाचरं, नारळ आणि कावेरीचे कालवे. गावात सरफोजीराजांनी १८०१-०२च्या सुमारास बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबाळ ही राजांची प्रिय सखी. मरताना तिनं आपल्या नावानं अन्नछत्र व्हावं अशी इच्छा सांगितली आणि राजांनी ती पुरी केली, असं इथे सांगतात. रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू अशा छत्रांत जेवत आणि मुक्काम करत. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख तेवढा उरला. फौज ठेवायची सोय राहिली नाही. छत्रं मात्र आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटशी पत्रव्यवहार केला. शस्त्र गेलं आणि छत्र राहिलं, असं मी पोरांना सांगतो. तमिळ पोरांना यातलं यमक कळत नाही, पण अर्थ कळतो.

आज लिहायचं आहे ते मात्र छत्राबद्दल नाही, इथे ड्रिलसाठी आणलेल्या एका रायफलीबद्दल.

आमच्याकडे ड्रिलला डी.पी. रायफली असतात. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज. जुन्या थ्री नॉट थ्री, फायरिंगच्या कामातून बाद केलेल्या, पुन्हा गोळी झाडता येऊ नये अशी व्यवस्था केलेल्या. एका सकाळी पेट्या उघडून रायफली वाटत होतो, तेव्हा मैदानाच्या कडेला एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी वेष्टी, पाठ ताठ. एका कॅडेट मुलीचे आजोबा. मद्रासी पलटणीतले निवृत्त हवालदार, आणि बासष्टला नेफात होते. मी सावधान होऊन "राम राम, हवालदार साब" म्हटलं. त्यांनी माझ्या नेमप्लेटकडे पाहून विचारलं, "मराठा?" आणि मग अर्धं फौजी हिंदी, अर्धं तमिळ असं आमचं सुरू झालं.

त्यांनी एक रायफल हातात घेतली, बटच्या पुढचा लोखंडी भाग वळवून उजेडात धरला आणि नातीला दाखवला. "बघ. एक-नऊ-एक-सात. माझ्या हातातही अशीच होती. माझ्या बापाच्या जन्माआधीची बंदूक देऊन आम्हाला चिन्यांपुढे उभं केलं." आवाज चढला नव्हता. साठ वर्षं हेच वाक्य ते सांगत आले असावेत, कारण नातीनं ते त्यांच्याबरोबरच ओठांत पुटपुटलं.

मी काही बोललो नाही. पण रायफल परत हातात आली तेव्हा सवयीनं पाहत गेलो. पलटणीत असताना मी तीन वर्षं कोत एन.सी.ओ. होतो. आमच्या कोतला येणारा एक म्हातारा आर्मरर म्हणायचा, "तारीख वाचू नको, स्क्रू वाच." तो म्हणायचा त्याचा अर्थ नीट सांगायला हवा. त्यात आपल्या देशाचा बराच इतिहास आहे.

रायफलीवर जे वर्ष कोरलेलं असतं ते एकाच तुकड्याचं असतं. थ्री नॉट थ्रीमध्ये बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य भाग आणि बट जिथे बसतो ती लोखंडी खोबण एकसंध असते. खोबणीच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, वर्ष आणि नमुन्याचा मार्क. हा तुकडा जन्मला की मरेपर्यंत तोच राहतो. बाकीचं सगळं बदलतं. बॅरल झिजलं की बदलतं, लाकूड फुटलं की बदलतं, बोल्ट, साइट, पुढची टोपी, कड्या, स्प्रिंगा, सगळंच. म्हणून एका रायफलीला एक तारीख नसते. तिचा सर्वांत उशिराचा भाग जेव्हा बसला, त्याआधी ती आज दिसते तशी नव्हती, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

ही पद्धत थ्री नॉट थ्रीपेक्षा जुनी आहे. मुक्तांबाळ छत्र बांधलं जात होतं त्या काळात या रस्त्यानं जाणारा कंपनीचा शिपाई चकमकीची बंदूक घेऊन चालत होता. ३९ इंची नळीचा तो नमुना कंपनीनं आपल्या फौजेसाठी बनवून घेतलेला, स्वस्त आणि सुटसुटीत. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९३ पासून ब्रिटिश सरकारनं कंपनीचा साठाच उचलला, आणि पुढे गोऱ्या फौजेची मुख्य बंदूक तीच झाली. तिचं नावच 'इंडिया पॅटर्न'. या बंदुकांचा काळ ओळखायचा तर दोन बारीक गोष्टी बघतात. पहिली म्हणजे गारगोटी धरणारा घोडा. त्याची मान आधी हंसाच्या मानेसारखी बारीक आणि वाकडी असे आणि ती मोडायची. १८०९ पासून सरकारी नमुन्यात तिला आधार देऊन मधे भोक असलेली, कडीसारखी मान आली. दुसरी म्हणजे कळीच्या पत्र्यावरची कंपनीची खूण. १८०८ पर्यंत ती बदामाच्या आकाराची होती, नंतर मागच्या पायांवर उभा सिंह आला. पत्र्यावर बदाम आणि घोड्याची मान कडीची, असं दिसलं तर समजायचं की पत्रा जुना, घोडा नंतरचा.

वर्ष कळणं हा यातला एक फायदा. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बारीक भाग पाहिला की हे हत्यार कोणाच्या हातात द्यायचं ठरलं होतं, तेही कळतं.

१८५७ नंतरचं उदाहरण घ्या. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसावरून काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाला आटे असलेली रायफल द्यायची नाही असं ठरवलं. १८५८ पासून त्याच्यासाठी बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका आल्या. गुळगुळीत नळीची गोळी लांबवर नेमकी जात नाही. मग लांबचा नेम धरायची वर-खाली होणारी साइट हवी कशाला? ती काढून तिथे एक साधा खाच पाडलेला ठोकळा बसवला. दूरून गोरा आणि काळा शिपाई एकसारखीच बंदूक घेऊन उभे दिसत. फरक त्या अंगठ्याएवढ्या ठोकळ्यात होता. पुढे कित्येक वर्षं हिंदी पलटणीला गोऱ्या पलटणीच्या एक पिढी मागचं हत्यार मिळत राहिलं. सप्टेंबर १९१४ मध्ये आपल्या पलटणी फ्रान्समध्ये मार्सेलिसला उतरल्या, तेव्हा बंदरावरच त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या मार्क तीन द्याव्या लागल्या. अनोळखी रायफल घेऊन माणसं काही आठवड्यांत खंदकात गेली.

आता ती मार्क तीन. १९०७ साली आली तेव्हा तिच्यावर शांततेच्या काळातली सगळी कलाकुसर होती. मॅगझिनवर आडवी सरकणारी एक पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहत आणि जवान एकेक गोळी हातानं भरून फायर करी. फोरएंडच्या डाव्या बाजूला एक तबकडी होती, दोन हजार यार्डांच्याही पलीकडे अख्ख्या तुकडीनं एकदम गोळ्यांचा पाऊस पाडण्यासाठी. मागची साइट डावी-उजवी करायला बारीक स्क्रू होता. बोल्टच्या मागचा कॉकिंग पीस गोल घुंडीसारखा होता. मग महायुद्ध आलं. हजारांनी नव्हे, लाखांनी रायफली लागू लागल्या आणि खंदकातून दोन हजार यार्डांवर कोणी बघतही नव्हतं. १९१६ मध्ये हे सगळं गाळून नवा नमुना मान्य झाला. मार्कच्या आकड्यापुढे एक चांदणी आली, मार्क तीन स्टार. पट्टी गेली, तबकडी गेली, साइटचा स्क्रू गेला, गोल घुंडीच्या जागी दोन्ही बाजूंना रेघा पाडलेला चपटा तुकडा आला. पण कारखान्यातली यंत्रं एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून त्या वर्षांतल्या पुष्कळ रायफलींत पट्टीची खाच आहे आणि पट्टी नाही. अशी रिकामी खाच दिसली की ती अधल्यामधल्या काळातली, किंवा नंतर पट्टी काढून टाकलेली.

ओरत्तनाडुच्या मैदानावरची रायफल अशीच होती. मुकुट, जी.आर., एनफिल्ड, १९१७, मार्क तीन स्टार. खाच होती, पट्टी नव्हती. इथपर्यंत हवालदार साबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मग मी पुढे पाहिलं. बॅरलच्या मागच्या जाड भागावर जे वर्ष होतं ते १९४०च्या दशकातलं. बोल्टवरचा जुना नंबर खोडून नवा घातलेला. आणि मॅगझिनच्या पुढे, चेंबरखालच्या लाकडात, फोरएंडच्या आरपार गेलेला एक आडवा स्क्रू. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीत हा स्क्रू नसतो. हे काम बंगालमधल्या ईशापूरचं. हुगळीकाठी कंपनीच्या काळापासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, त्याच ईशापूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफल कारखाना उभा राहिला. वापरून वापरून फोरएंडचं लाकूड तिथे चिरतं.  म्हणून ईशापूरच्या कारागिरांनी लाकडाला आरपार स्क्रू घालून ते आवळून टाकलं. अनेक जुन्या विलायती रायफली दुरुस्तीला ईशापूरला आल्या आणि हा स्क्रू घेऊन बाहेर पडल्या. जगभर जुन्या रायफलींचे जाणकार आज या एका स्क्रूवरून ओळखतात की हे हत्यार हिंदुस्थानात राहून आलं आहे.

ईशापूरच्या खुणाही वाचण्यासारख्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथे बनलेल्या रायफलीवर मुकुटाखाली जी.आर.आय. असतं. शेवटचा 'आय' म्हणजे इंपेरेटर, सम्राट. विलायतेत तो राजा आणि आपल्याकडे सम्राट, म्हणून आपल्या लोखंडावर एक अक्षर जास्त. २२ जून १९४८ रोजी इंग्लंडच्या राजानं हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी अधिकृतपणे सोडली, आणि त्या अक्षराचं काम संपलं. पुढे मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तीच खोबण, तीच जागा, आकारही जवळपास तोच.

आणखी एक भाऊबंद सांगतो, कारण तो पोलिसांत असलेल्या वाचकांनी पाहिला असेल. फोर टेन मस्केट. थ्री नॉट थ्रीचीच अंगकाठी, पण बॅरल गुळगुळीत आणि मॅगझिनच्या जागेत लाकडाचा ठोकळा ठोकलेला. एक गोळी घाल, एक मार. गार्ड ड्युटीचा शिपाई उलटला किंवा त्याचं हत्यार कोणी हिसकावलं तरी फार नुकसान होऊ नये, हा हिशोब. १८५८चा साइटचा ठोकळा आणि हा मॅगझिनमधला ठोकळा मला एकाच घरातले वाटतात.

परेड संपल्यावर हवालदार साब पुन्हा आले. मी त्यांना रायफल समतोलावर धरायला दिली, ट्रेल आर्म्सला धरतो तशी. म्हटलं, "साब, बोटाखाली काय लागतं?" त्यांनी डोळे मिटले. मग बोट थोडं सरकवलं आणि हसले. "हा होता. थंडीत हा बर्फासारखा लागायचा. आम्ही त्यावर चिंदी गुंडाळायचो." 

मी त्यांना स्क्रूचा अर्थ सांगितला. त्यांची रायफल मी पाहिलेली नाही, पण तिला हा स्क्रू असेल तर नेफाला जाण्याआधी ती ईशापूरचा हात लागून गेली होती, हे नक्की. म्हणजे १९१७चं होतं ते अंग. बॅरल, लाकूड, साइट यांतलं काय काय बदललं असेल ते ती रायफलच सांगू शकली असती. नातीनं लगेच विचारलं, "म्हणजे तात्ता खोटं सांगत होते?"

मला हीच भीती वाटत होती. साठ वर्षं उराशी धरलेलं वाक्य एका स्क्रूनं उपटून टाकायचा मला काय हक्क? हवालदार साब बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, खाली दाबला. "तंबी," ते मला म्हणाले, "बॅरल नवं असेल. लाकूड नवं असेल. पण हे?" आणि पुन्हा एकदा बोल्ट मागे, पुढे, खाली. "हे तर १९१७चंच होतं ना? मी एवढं करेपर्यंत समोरचा किती गोळ्या मारायचा?"

याला उत्तर नव्हतं. चिनी सैन्याकडे तेव्हा छप्पन्न नमुन्याच्या कार्बाइन आणि रायफली होत्या. बोल्ट ओढायचं काम तिथे बंदूक स्वतः करत होती. आपल्याकडे दर गोळीला हात वर जात होता. रायफल झिजलेली होती म्हणून नव्हे, तर तिची रीत जुनी होती म्हणून तो जवान कमी पडत होता. हवालदार साबांची तक्रार खोटी नव्हती. तिचं बोट फक्त चुकीच्या जागी होतं, तारखेवर. ते बोल्टवर आलं आणि तक्रार आणखी पक्की झाली. बासष्टच्या धक्क्यानंतर ईशापूरनं सेव्हन पॉइंट सिक्स टू गोळीची नवी बोल्ट रायफल काढली, टू ए आणि नंतर टू ए वन. नव्या एस.एल.आर. पुरेशा होईपर्यंतचा तो तात्पुरता इलाज होता. अंगकाठी जुनीच, मॅगझिन मात्र चौकोनी. पहिलीची साइट २००० पर्यंत आखलेली, दुसरीची ८०० मीटरपर्यंत. एका छोट्या पट्टीवरचे आकडे कमी झाले, आणि लढाई किती अंतरावर होते हे कारखान्यानं अखेर मान्य केलं.

हे सगळं मी आज का लिहितोय? कारण या रायफली आता फार दिवस दिसणार नाहीत. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. ठिकठिकाणी त्या बाद होऊन भट्टीत जात आहेत. बाद हत्यार नष्ट करणं आवश्यकच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तंजावरात राहून एक गोष्ट मनातून जात नाही. दुसरे शिवाजीराजे १८५५ साली वारले, मुलगा नव्हता, आणि संस्थान खालसा झालं. राजवाड्याच्या शस्त्रागारातली निवडक हत्यारं १८६३ मध्ये मद्रासच्या संग्रहालयात गेली, ती आजही तिथे आहेत. बाकीची पुष्कळशी मोडीत निघाली. जी निवडली ती देखणी होती, मुठीवर नक्षी असलेली. साध्या शिपायाची साधी हत्यारं कोण निवडणार? त्यांच्यावर कोणत्या दुरुस्तीची खूण होती, कोणाच्या हाताची झीज होती, हे धातूबरोबरच वितळलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा भलामोठा मराठी शिलालेख आहे. राजघराण्याचा इतिहास त्यात आला. शिपायाचा इतिहास अशा स्क्रूंमध्येच असतो.

म्हणून एक साधं काम सुरू केलं आहे. वरिष्ठांना विचारून, आमच्याकडच्या डी.पी. रायफलींची एक वही. खोबणीवर काय लिहिलंय, बॅरलवर काय, कॉकिंग पीस गोल की चपटा, पट्टीची खाच आहे की नाही, मुकुट की सिंह, आडवा स्क्रू आहे की नाही. कॅडेटच लिहितात. पोरांना ड्रिलपेक्षा हेच जास्त आवडायला लागलंय, ते ड्रिलच्या दृष्टीनं बरं नाही.

माजी सैनिक वाचकांना विनंती आहे. घरी निवांत बसा, डोळे मिटा आणि तुमच्या पहिल्या रायफलीवर बोट फिरवा. काय काय लागतं ते लिहून ठेवा. नंबर आठवत असेल तर तोही.

आणि आईचा प्रश्न राहिलाच. हो, इथे मराठी बोलणारी घरं आहेत. आपल्यासारखी नाही, त्यांची वेगळी मराठी, तमिळच्या शेजारी सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं राहिलेली. बरेच शब्द बदललेत, काही नवे बसवलेत. खोबण जुनीच आहे.

गेल्या आठवड्यात हवालदार साबांच्या नातीनं १९१७च्या रायफलीचं पान भरलं. शेवटच्या रकान्यात, 'शेरा' लिहितो तिथे, तिनं तमिळमध्ये काही लिहिलं होतं. मी विचारलं. म्हणाली, "थंडीत गार लागतो."

जय हिंद.